नऊ मिलिमीटर

"सोमवारी कारखाना बंद असतोय सर," वॉचमन तुकोबांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं आणि सांगता सांगताच कुलूप काढलं. शाळेच्या मास्तराला नाही म्हणणं त्या काळी आमच्या भागात कुणाला जमत नसे.

"पाचच मिनिटं. पोरांचं काम एकदा नजरेखालून घालतो."

"घाला की. तुमचीच पोरं हायती."

दार ओढून मी आत गेलो. आत दुपार थांबून राहिली होती. छपरात मधेमधे पारदर्शक पत्रे होते. त्यांतून उतरलेल्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता, खाली बसायचं नाव घेत नव्हता. चारही भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाकडी चाकं, लाकडी नळ्या, लाकडी दाते, पंपांची लाकडी पोटं. कुणी तांबडं रंगवलेलं, कुणी काळं, कुणी पिवळं. सगळीकडे लाखेचा गोडसर वास. त्या खोलीत पाऊल टाकलं की आपण थोडे लहान झालोय असं मला वाटायचं. पहिलीतल्या पोराला मोठ्यांच्या खुर्चीत बसवल्यावर वाटत असेल, तसं. का वाटतं ते तेव्हा कळत नव्हतं. लाकडाच्या वासाने माणूस गुंगतो, एवढं स्वतःला सांगून मी मोकळा झालो होतो. आता तेहेतीस वर्षं झाली. ती खोली अजून माझ्या स्वप्नात येते, आणि स्वप्नातही मी लहानच असतो.

मधल्या टेबलावर ती ठेवली होती. सागवानी चौकट, आत आडव्या-उभ्या पट्ट्या, गुळगुळीत कडा. हौदाची जाळी. मी तिच्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात शाबासकी दिली. मग पिशवीतून शाळेची मीटरपट्टी काढली आणि लांबीला लावली.

नऊशे नऊ मिलिमीटर.

डोळे पुसून पुन्हा लावली. नऊशे नऊ.

हवी होती नऊशे.

मी माळेवाडी हायस्कूलला गणित शिकवत होतो. आडनाव सुतार. वडील बैलगाड्या करायचे, आजोबाही तेच करायचे, आणि बारा वर्षांचा होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर रंधा मारला. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि मी त्या भुशातून बाहेर पडलो. बाहेर पडलो कसला, पळालो. त्यामुळे आमचे हेडसर इंगवले आणि भैरव फौंड्रीचे मालक आदाप्पा मगदूम यांनी मिळून ठरवलं की नववीची पाच मुलं दर शनिवारी शाळा सुटल्यावर फौंड्रीत काम शिकायला जातील, तेव्हा सगळ्यात आधी मी तोंड वाकडं केलं.

"सर, पोरांना शिकवायचं ते कारखान्यातून बाहेर काढायला," मी म्हणालो. "आणि आपण आत घालतोय?"

"सुतार, औद्योगिक वसाहतीत एवढे कारखाने आहेत," हेडसर म्हणाले. "आपली पोरं दहावी होऊन तिथंच जातात आणि झाडू मारतात. का? तर त्यांना काय येतं ते कारखान्याला ठाऊक नाही आणि कारखान्यात काय लागतं ते आपल्याला ठाऊक नाही. कुणीतरी मधे उभं राहायला पाहिजे. तुम्ही राहा."

राहिलो. म्हणजे बसलो. वर्षभर दर शनिवारी मी पोरांना फौंड्रीच्या फाटकातून आत सोडायचो आणि मालकांच्या खोलीबाहेर पंख्याखाली बसून वह्या तपासायचो. चार वाजता हजेरीवर सही करायची, पोरांना घेऊन परत. आत काय शिकवतात ते मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? लाकूड तासायचं. ते मला येत होतं आणि विसरायचं होतं.

तरी मुलं वाटेत बोलायची त्यातून थोडं कानावर पडलंच होतं. एखादा लोखंडी भाग ओतायचा तर आधी तो लाकडाचा करायचा, त्याला म्हणायचं पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. पॅटर्न करणारे दस्तगीर मिस्त्री हे तिथले उस्ताद. साठीचे, बारीक, पांढऱ्या दाढीत कायम भुसा अडकलेला.

मगदूम मालकांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. "एक वर्ष बघू. पोरांनी एक वस्तू एकट्यानं करून दाखवायची. ती जागेवर बसली, तर शाळेत मी पॅटर्नची खोली बांधून देतो आणि दरसाल पाच जण शिकाऊ म्हणून घेतो. न्हाई बसली, तर रामराम. तुम्ही तुमच्या वाटंनं, आम्ही आमच्या."

वस्तू कोणती, ते शाळेच्या हौदानेच ठरवलं. पाण्याच्या हौदाच्या तोंडावरची फळी कुजली होती आणि पाचवीतला एक मुलगा कमरेपर्यंत आत गेला होता. तिथे बिडाची जाळी बसवायची ठरली. दोन्ही टोकांना दगडात खाच होती, पण फळी सरकून सरकून दगड झिजलेला. जाळी टेकायला जेमतेम पेन्सिलीच्या जाडीएवढी खाच उरली होती. म्हणजे लांबी नेमकी हवी. नऊशे.

दस्तगीर मिस्त्रींचा एक नेम होता. शिकाऊ माणसाच्या पहिल्या पॅटर्नला उस्तादाने हात लावायचा नाही, मोजायचाही नाही. तो जसा आहे तसा वाळूत जाणार. "माझा हात लागला तर ते माझं झालं," ते म्हणायचे. "मग पोरगं काय घेऊन जाणार घरला?"

आणि त्या पाचांत ते काम जिच्या वाट्याला आलं ती रत्नप्रभा कुंभार. पाचांत एकटी मुलगी. मालक आधी कुरकुरले होते. मिस्त्री म्हणाले, "बाईमाणसाचा हात चालत न्हाई असं लाकडानं कुठं सांगितलंय?" तिला दहावीनंतर त्या खोलीत, त्या टेबलापाशी उभं राहायचं होतं. आपली खरी जागा सापडलेल्या माणसाचा चेहरा मी तिच्यावर दर शनिवारी चार वाजता पाहायचो. जाळी बसली नाही तर तो चेहरा पुन्हा दिसणार नव्हता.

वर्गात मात्र ती अगदी गप्प. तसा माझ्या वर्गात सगळेच गप्प असायचे. आमच्या शाळेत सरांना 'हो सर' आणि बाईंना 'हो बाई' एवढंच बोलायची पद्धत होती, आणि माझ्या तासाला ती जरा जास्तच कडक पाळली जायची. 'नाही सर' हे शब्द मी माझ्या वर्गात कधी ऐकले नव्हते. मला त्याचा अभिमान होता, हे आता सांगायला लाज वाटते.

तर असा मी त्या सोमवारी मीटरपट्टी हातात घेऊन उभा होतो. रुंदी मोजली. साडेचारशे हवी, ती साडेचारशे अधिक साडेचार. वर्षभराची मेहनत, सगळी शाळा डोळे लावून बसलेली, आणि पोरीने मोजताना घोळ घातला! उद्या मंगळवारी सकाळी पॅटर्न वाळूत जाणार. मिस्त्री त्याला हात लावणार नाहीत. रत्नप्रभाचं घर तीन मैल लांब, कुंभारवाड्यात; तिला बोलावून आणेपर्यंत अंधार पडला असता. मला तिची दया आली. खरंच आली.

भिंतीला रंधा टांगलेला होता.

रंधा हातात घेतला आणि पंधरा वर्षं कुठे गेली कळलं नाही. मनगट आपोआप वळलं. पहिलाच काप लांब, पातळ, अख्खा निघाला आणि गोल होऊन माझ्या चपलेवर पडला. मी मारत राहिलो. या कडेला साडेचार, त्या कडेला साडेचार. फळ्यांवरची लाकडी चाकं वरून बघत होती. मधेच वाटलं, वडील मागे उभे आहेत, आणि 'हलक्या हाताने, दत्तू' असं म्हणताहेत. वळून पाहिलं तर तुकोबा चहा घेऊन उभे.

"सर, तुम्हाला हे बी येतंय?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"थोडंफार," मी म्हणालो, आणि मला फार छान वाटलं.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. शेवटी पट्टी लावली. नऊशे. केसाचाही फरक नाही. कापांचा ढीग पिशवीत भरला, जमेल तेवढा भुसा पायाने बाकाखाली सारला आणि निघालो. वाटेत उसाच्या तुऱ्यांवरून वारा येत होता आणि मी चक्क शीळ घालत होतो.

मंगळवारी मी पहिल्यांदाच पंख्याखाली न बसता आत गेलो. रत्नप्रभा टेबलापाशी उभी होती. जाळीच्या कडांना तिने लाखेचा नवा हात दिला होता. माझ्या रंध्याचं कोरं लाकूड त्याखाली झाकून गेलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"झालं का सगळं नीट?" मी विचारलं.

"हो सर."

मला हायसं वाटलं. पोरीला कळलंही नाही, असं वाटलं.

दुपारी रस ओतला. मी तोवर बीड वितळलेलं कधी पाहिलं नव्हतं. भट्टीचं तोंड उघडलं आणि आतून प्रकाश चालत आला. दोन माणसं दांड्याला टांगलेली बादली घेऊन, एकही शब्द न बोलता, पावलात पाऊल टाकत वाळूच्या पेटीकडे आली. बादलीत सूर्यास्ताच्या रंगाचं काहीतरी डुचमळत होतं. ओततानाही आवाज नाही. वाळूच्या भोकांतून निळ्या ज्योती निघाल्या, थोडा वेळ नाचल्या आणि विझल्या. पाचही मुलांच्या तोंडावर तो उजेड होता. मीही तोंड उघडं टाकून बघत होतो. हेच मी वर्षभर भिंतीपलीकडे बसून चुकवलं होतं.

"कधी बघायला मिळेल?" मी दस्तगीर मिस्त्रींना विचारलं.

"गार हू दे की मास्तर," ते म्हणाले. "गार होताना त्येचं त्येला काम असतंय. मधे बोट घालायचं न्हाई."

गुरुवारी शाळेत मंडप घातला. हौदाला आंब्याची डहाळी बांधली. मगदूम मालक आले, मिस्त्री आले, हेडसरांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले. चौघांनी जाळी उचलून आणली आणि हौदावर ठेवली. बसली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी नारळ फोडला, मालकांनी दोन शब्द बोलायला घसा साफ केला, आणि जाळी थोडी डावीकडे दिसतेय म्हणून शिपाई गणपाने तिला पायाने जरासं सरकवलं.

एवढंच. पलीकडचं टोक खाचेतून सुटलं आणि अख्खी जाळी उभी होऊन हौदात गेली. केवढा तरी मोठा आवाज झाला. पाण्याचा लोट हेडसरांच्या इस्त्रीवर बसला. लहान मुलं हसायला लागली, मग मोठ्यांची तोंडं बघून गप्प झाली.

हौदातलं पाणी हेलकावत राहिलं. मालकांनी गणपाकडून टेप मागवला, हौदाचं तोंड मोजलं, ते बरोबर होतं. मग त्यांनी टेप गुंडाळला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पोरांनी हौसेनं केलं. पण आमच्या धंद्यात हौस चालत न्हाई हेडसर. त्यांचं पुस्तकच बरं."

तेव्हा रत्नप्रभा पुढे आली. ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय चुकलेलं न्हाई."

ती माझ्याकडे बघत नव्हती. दस्तगीर मिस्त्री मात्र बघत होते. मी जमिनीकडे बघितलं. मला काहीच कळत नव्हतं; मी स्वतः मोजली होती, नऊशे होती, केसाचा फरक नव्हता. पण काहीतरी माझ्याच हातून झालंय हे कळायला मोजण्याची गरज नव्हती. मंडप सुटला, मालकांची गाडी गेली.

शुक्रवारी मी शाळेला दांडी मारली. नोकरीतली पहिली. फौंड्रीत गेलो तर दस्तगीर मिस्त्री टेबलापाशी एकटेच होते. समोर तो लाकडी पॅटर्न, आणि शेजारी हौदातून काढून आणलेली बिडाची जाळी.

"या मास्तर," ते म्हणाले, वाट बघत असल्यासारखे. "पट्टी आणलीया?"

मी पिशवीतून मीटरपट्टी काढली. त्यांनी खणातून स्वतःची काढली. जुनी पितळी, अंगठ्याने घासून आकडे पुसट झालेली. दोन्ही पट्ट्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य जुळवलं आणि मला म्हणाले, "बघा."

एकला एक जुळत होतं, दहाला जवळजवळ दहा. पुढे पुढे मात्र त्यांची पट्टी हळूच निसटत गेली. माझी मीटरपट्टी संपली तिथे त्यांची अजून बोटभर शिल्लक होती. तिच्यावरही शेवटचा आकडा तोच होता. मीटर.

"ही पट्टी खोटी आहे," मी म्हणालो. गणिताच्या मास्तराच्या तोंडून दुसरं काय निघणार!

"खोटी न्हाई मास्तर. पुढचं बघून केलेली हाय." त्यांनी बिडाच्या जाळीवर हात ठेवला. "रस ओतला की तो गार होताना आकसतोय. बीड शंभराला एक. म्हणून पॅटर्न आधीच शंभराला एक मोठा करायचा. दर बारीला हिशेब कोण करणार? म्हणून पट्टीच मोठी. हितली हर एक चीज ह्या पट्टीनं मापलीया." त्यांनी फळ्यांकडे हात केला. चाकं, नळ्या, दाते. सगळं जितकं असायला हवं त्याहून थोडं मोठं. मग मला कळलं, त्या खोलीत आल्यावर मी लहान का व्हायचो.

आणि दुसरंही कळलं. नऊशेला नऊ. साडेचारशेला साडेचार. चूक कधी इतकी हिशेबशीर असते का? हे गणिताच्या मास्तराला दिसायला नको होतं? शेकडेवारी शिकवून माझा घसा बसला होता, आणि ती समोर टेबलावर पडलेली असताना मी रंधा शोधत होतो.

"मिस्त्री," मी म्हणालो, "रंधा मी मारला."

"ठावं हाय." त्यांनी पॅटर्नची कड उजेडात धरली. "वरून लाख हाय, पण आतला हात दिसतोय. शेवटाला रंधा असा उचलून घेणारा हात गाडीवाल्या सुताराचा. आमच्यातला कोण असा मारत न्हाई. झकास हात हाय मास्तर. नुस्ता पट्टी चुकला."

माझे डोळे भरून आले. शरमेने आले की वडिलांच्या आठवणीने, ते आजही सांगता येणार नाही.

"मग तुम्ही काल मालकांना का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू? पॅटर्न माझा न्हाई."

मालकांच्या खोलीबाहेरच्या पंख्याखाली माझी खुर्ची तशीच होती. मी तिच्याजवळून आत गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सोमवार, रंधा, नऊ मिलिमीटर. मगदूम मालक ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आख्खं वर्ष तुम्ही भाईर बसून वह्या तपासल्या सर?"

"हो."

"पाच पोरं आत काय करत्यात ते एकदा बी बघितलं न्हाई?"

"नाही."

"मग पोरं कुठं नापास झाली?" ते म्हणाले. "नापास तुम्ही झालाय. आणि थोडा मी बी. मी तरी शाळंत येऊन कधी बघितलं, तुम्ही काय शिकवताय?" ते हसायला लागले. हसता हसता गंभीर झाले. "पुन्ना ओतू. पण एक अट. शनिवारी तुम्ही आत बसायचं. दस्तगीरच्या हाताखाली, पोरांच्या बाकावर."

"बसतो," मी म्हणालो. ज्या भुशातून मी पळालो होतो त्यात परत जायला मी इतक्या चटकन तयार होईन, असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शनिवारी सकाळी पहिल्या तासाला मी वर्गात गेलो, खडू हातात घेतला नाही. जे झालं ते सगळ्या वर्गाला सांगितलं. चूक रत्नप्रभाची नाही, माझी आहे, असं म्हणालो. सरांची चूक होते, ही गोष्ट ऐकायची वर्गाला सवय नव्हती आणि मला बोलायची.

"रत्नप्रभा, एकच विचारायचं आहे," मी म्हणालो. "मंगळवारी तू लाख लावलीस तेव्हा तुला कडा कोऱ्या दिसल्या असतील."

ती उभी राहिली. "हो सर."

"मोजलंस?"

"हो सर. नऊ कमी आलं. तुकोबामामा म्हटले, काल सर येऊन गेले."

"मग बोलली का नाहीस? बीड आकसतं, हे मिस्त्रींनी तुला शिकवलं होतं ना?"

"हो सर. आणि घरात बी तेच बघतोय की आम्ही. मडकं वाळलं की बारकं होतंय, भाजलं की आणि बारकं. आई कायम मोठंच करते. ते मला लहानपणापासनं ठावं हाय."

"तरीसुद्धा?"

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. मी असं काय विचारतोय, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं.

"तुम्ही सर हाय की," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच चुकलं आसंल."

खिडकीबाहेर हौदाचं उघडं तोंड दिसत होतं. तिच्या हातात बरोबर पट्टी होती. तिच्या उस्तादाने शिकवलेलं होतं, तिच्या आईच्या हातांनी शिकवलेलं होतं. आणि चार वर्षं माझ्या वर्गात बसून ती फक्त एक गोष्ट शिकली होती, की हे सगळं सरांपुढे खोटं. एवढी शरम मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मुलांना आकसायला भट्टीतून काढावं लागत नाही, माझा एक तास पुरत होता.

पुढचं सगळं शाळेच्या स्मरणिकेत छापून आलंय. जाळी पुन्हा ओतली, हौदावर बसली. अजून आहे, पोरं तिच्यावर उभी राहून डबे धुतात. मगदूमांनी शाळेत पॅटर्नची खोली बांधली. त्यांच्या कारखान्यातले लोक आमच्या वर्गात येऊन बसायला लागले आणि आमचे शिक्षक त्यांच्या. दस्तगीर मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या टेबलापाशी कोण उभं राहिलं, तेही त्यात फोटोसकट आहे. छापून न आलेलं एकच सांगायचं राहिलंय.

दुसरा पॅटर्न तयार होत आला तो शनिवार. तेच ऊन, तोच तरंगणारा भुसा. मी बाकाच्या टोकाला बसून एका लाकडी चाकाला पॉलिशपेपर मारत होतो. दस्तगीर मिस्त्रींनी मला तेवढंच काम दिलं होतं. शेजारी रत्नप्रभा जाळीची शेवटची कड बघत होती. मी वाकून पाहिलं. एक कोपरा मला थोडा पुढे आल्यासारखा वाटला. जुनी खोड. हात आपोआप रंध्याकडे गेला.

"इथं जरा जास्त दिसतंय," मी म्हणालो. "एवढंसं काढू का?"

तिने त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.

"नाही सर."

मिस्त्रींचा रंधा थांबला. बाकीची चौघं माना वर करून बघायला लागली. तिला स्वतःलाच तो शब्द ऐकून भीती वाटली असावी, कारण तिचे कान लाल झाले. पण हात तिने काढला नाही.

"नाही सर," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा सावकाश. "राहू दे तेवढं. गार झाल्यावर बरोबर हुतंय."

मी रंधा खाली ठेवला.

"हो बाई," मी म्हणालो.